भुरीचं जंताचं औषध

मांजराला जंताचं औषध केव्हा द्यायचं, हा प्रश्न चार मांजरवाल्यांना विचारून बघा. पाच उत्तरं मिळतील. माझी मुंबईची मावसबहीण म्हणते, वर्षातून एकदा पुरे. तिचा बोका सहाव्या मजल्यावर राहतो, जाळीमागून कबुतरं बघतो आणि विकतचं खाणं खातो. नाशिकची वहिनी म्हणते, दर तीन महिन्यांनी, न चुकता. तिच्या मांजरी मळ्यातल्या उंदरांवर पोसलेल्या. औषधाच्या दुकानातला मुलगा म्हणतो, "काकी, दिसले की द्या." आणि आमच्या आत्याबाई (म्हणजे ह्यांची आत्या, वय वर्षं ८२) म्हणतात, "मांजराला कसलं गो आलंय औषध! गवत खातं, ओकतं, मोकळं होतं."

आत्याबाईंचं सोडा, पण मावसबहीण आणि वहिनी दोघीही आपापल्या जागी बरोबर आहेत. दोघींची मांजरं वेगळी, एवढंच. दुकानातल्या मुलाचं अर्धं बरोबर. दिसले की द्यायचंच, पण न दिसणारे जास्त असतात, त्यांचं काय?

आमची भुरी ह्या दोन टोकांच्या मधली. रत्नागिरीत आमचं जुनं घर आहे, पुढे अंगण, मागे आगर. माडाच्या बुंध्याशी उंदरांची बिळं, पडवीत पाली, मोरीत झुरळं. भुरी दिवसा माजघरात गोधडीवर झोपते आणि रात्री आगरात ड्यूटीला जाते. सकाळी सहाला मागच्या दारात कधी अर्धा उंदीर, कधी पालीची शेपटी असा नजराणा ठेवलेला असतो. ह्यांच्या मते तो घरभाडं म्हणून देते. :)

इतकी वर्षं ह्याचा कुणाला त्रास नव्हता. प्रश्न उभा राहिला तो लेक बाळंतपणाला यायची ठरली तेव्हा. सातव्या महिन्यात येणार, मग बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत राहणार. तिच्या सासूबाईंचा फोन आला. फार सज्जन बाई आहेत. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "आणि विहीणबाई, ते मांजराचं काय करणार आहात?" त्या नुसतं विचारून थांबल्या. आत्याबाईंनी थेट उपायच सांगितला. पोत्यात घालायचं आणि मिरकरवाड्याला बंदरावर सोडून यायचं. "मासे खाईल, सुखात राहील. पोरीच्या पोटात केस गेला म्हणजे?"

म्हणजे औषधाच्या तारखेवर आता भुरीचं घरात राहणं अवलंबून होतं. नुसतं "आमची मांजर स्वच्छ आहे हो" म्हणून भागणार नव्हतं. मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी कागद घेतला आणि म्हणाल्या, "काकू, तुमच्या घरचे तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतायत. आधी त्या सुट्या करू."

पहिली गोष्ट केस. मांजराचा केस पोटात गेला तर आला तसा बाहेर जातो. आपल्याकडे त्याचा जेवढा धाक आहे तेवढं त्यात काही नाही. विषय संपला. (आत्याबाईंपुढे तो अजून संपलेला नाही.)

दुसरी गोष्ट टोक्सोप्लाझ्मा. गरोदर बाईला आणि मांजर म्हटलं की सगळे जे घाबरतात, ते हे. पण हा जंत नव्हेच! हा एकपेशीय परजीवी. जंताच्या औषधाला तो दाद देत नाही, त्यामुळे "औषध दिलंय ना, मग झालं" असं म्हणून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही. मांजराला त्याची पहिल्यांदा लागण होते तेव्हा ते साधारण एक ते तीन आठवडे शीतून त्याची अंडीवजा बीजं टाकतं, आणि नंतर सहसा टाकत नाही. ती बीजंही लगेच बाधत नाहीत, त्यांना पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजराची वाळू रोज काढायची आणि ती गरोदर बाईने काढायची नाही. शिवाय कच्चं-अर्धकच्चं मांस, न धुतलेली भाजी, बागेतली माती, ह्यांतूनही तो येतोच. म्हणजे मांजर घालवून दिली आणि कोथिंबीर न धुता चिरली, तर काय मिळवलं?

तिसरी गोष्ट म्हणजे खरे जंत. इथून पुढे आपला विषय.

मांजराच्या पोटात मुख्यतः दोन जातींचे जंत सापडतात, गोल आणि चपटे. (अंकुशकृमी म्हणून तिसरेही असतात, आतड्याला चिकटून रक्त पिणारे, पण ते आमच्याकडे निघाले नाहीत.) गोल जंत शिजवलेल्या शेवयांसारखे दिसतात. ते ओकारीतून किंवा शीतून क्वचितच बाहेर पडतात, एरवी आत सुखाने नांदतात आणि मादी रोज हजारो अंडी घालते. अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. ताजी अंडी बाधत नाहीत, त्यांना मातीत दोन-तीन आठवडे तरी मुरावं लागतं. पण एकदा मुरली की ओलसर, सावलीच्या मातीत महिनोन् महिने, कधी वर्षभराहूनही जास्त टिकतात. ओलसर, सावलीची माती... म्हणजे आमचं आगरच की! मुलांनी तशी माती तोंडात घातली तर त्या अळ्या माणसाच्या पोटात मोठ्या होत नाहीत, पण अंगात भटकतात, लिव्हरमध्ये, फुप्फुसात, आणि क्वचित डोळ्यात. सगळ्यात वाईट ते डोळ्यातलं. हे ऐकल्यावर मी जरा गप्प झाले. विहीणबाईंची काळजी उगीच नव्हती, फक्त तिचा पत्ता चुकला होता. पोटातल्या बाळापेक्षा रांगणाऱ्या बाळाची काळजी करायला हवी होती.

चपट्या जंतांची कथा वेगळी. ते दिसतात! त्यांचे तुकडे सुटून शेपटीखालच्या केसांना चिकटतात, गोधडीवर पडतात. ताजा तुकडा तांदळाच्या कणीसारखा असतो, पण ही कणी आकसते आणि चालते. वाळला की तिळासारखा दिसतो. डॉक्टरीणबाईंनी भुरीची शेपटी वर केली आणि म्हणाल्या, "हे बघा काकू." दोन तीळ होते. संक्रांत आली म्हणायची वेळ! :)

ह्या जंताचा मार्ग ऐकून मी थक्क झाले. मांजराच्या अंगावरच्या पिसवांची अळी गोधडीच्या शिवणीत, फरशीच्या फटीत वाढते आणि जंताची अंडी खाते. त्या अळीची पिसू होते. ती पिसू मांजराच्या अंगावर चढते, मांजर स्वतःला चाटताना ती गिळते, आणि जंत परत पोटात. दुसऱ्या एका जातीचा चपटा जंत उंदरातून येतो. म्हणजे चपट्या जंताचं औषध दिलं आणि पिसवा तशाच ठेवल्या, तर दोन-तीन आठवड्यांत गोधडीवर पुन्हा तीळ. औषध नापास झालं असं लोक म्हणतात. औषध पासच असतं. ते त्या दिवशी पोटात असलेले जंत मारतं आणि निघून जातं. पुढच्या जंतांसाठी ते पहारा देत बसत नाही.

हे कळल्यावर "केव्हा" ह्या प्रश्नाचा चेहराच बदलला. आपल्याकडे शाळेतल्या मुलांना २०१५ पासून १० फेब्रुवारीला आणि १० ऑगस्टला राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळी देतात. एक ते एकोणीस वर्षांच्या सगळ्यांना, त्याच सुमाराला, तपासणी न करता. ते बरोबरच आहे. एवढ्या मुलांची तपासणी करत बसण्यापेक्षा गोळी स्वस्त आणि सोपी. पण माझी मांजर एकच. तिच्या पोटात काय आहे ते मी बघू शकते, ती रात्री कुठे जाते ते मला माहीत आहे, आणि घरात कोण, कधी येणार तेही मला माहीत आहे. मग संकष्टीसारखी तिथी कशाला धरायची?

आधी तपासणी केली. शीचा नमुना रिकाम्या डबीत भरून हे स्कूटरवरून देऊन आले. (लग्नाला एकतीस वर्षं झाली. ह्यांनी माझ्यासाठी काय काय केलं ह्याच्या यादीत हे वरच्या पाचात आहे.) शी मिठाच्या किंवा साखरेच्या दाट पाण्यात कालवतात, अंडी हलकी म्हणून वर तरंगतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. भुरीत गोल जंताची अंडी निघाली. चपट्यांची निघाली नाहीत, जरी तीळ आम्ही डोळ्यांनी बघितले होते! त्यांची अंडी तुकड्यात बंद असतात, ती तपासणीत बऱ्याचदा निसटतात. आणि पोटात कोवळे जंत असतील तर ते अजून अंडी घालत नाहीत, तेव्हाही तपासणी कोरी येते. म्हणून कागदावर "नाही" आलं तर त्याचा अर्थ "आज सापडलं नाही" एवढाच घ्यायचा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग औषध ठरलं. गोल आणि चपटे दोन्हीवर चालेल असं, दोन औषधं एकत्र असलेलं, पायरँटेल आणि प्राझिक्वांटेल. सोबत पिसवांचं औषध, मानेवर टाकायचे थेंब. ते मांजराचेच हवेत, हे त्यांनी तीनदा सांगितलं. कुत्र्याच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला झटके येऊन जीव जाऊ शकतो. मांजराचं लिव्हर आपल्यासारखं किंवा कुत्र्यासारखं काम करत नाही, आपण सर्रास घेतो ती पॅरासिटामॉलसुद्धा तिला विष. मी वावडिंगाचं विचारलं. लहानपणी आई आम्हाला वावडिंग घालून उकळलेलं पाणी द्यायची, जंत झाले म्हणून एरंडेलही पाजायची, आठवलं तरी शहारा येतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, माणसांचं माणसांना." शेजारच्यांनी सुचवलेल्या लसणालाही त्यांनी हात जोडले. लसूण-कांद्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

आता वजन. गोळी वजनावर असते, आमच्या पाकिटावर एक गोळी चार किलोंना असं होतं. मांजराला वजनकाट्यावर उभं राहा म्हणून सांगून बघा. त्यावर उपाय जुनाच. मी आधी एकटी काट्यावर उभी राहिले, मग भुरीला घेऊन. वजाबाकी तीन किलो. (माझं वजन विचारू नका.) म्हणजे पाऊण गोळी.

आणि मग खरा प्रश्न. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची गोष्ट ज्याने रचली त्याने मांजराच्या घशात गोळी घालून पाहिली नसणार, घंटा त्या मानाने सोपी असेल. पहिल्या दिवशी मी बांगड्याच्या तुकड्यात गोळी लपवली. भुरीने बांगडा खाल्ला, काटा सोडला, आणि काट्याशेजारी गोळी चाटूनपुसून ठेवली. दुसरा प्रयोग, गोळी कुटून दुधात. प्राझिक्वांटेल कडूजहर असतं. तिने एकदा जीभ लावली आणि तोंडाला फेस येऊन अंगणभर फिरली. आत्याबाई पडवीतून, "अगो, मेलं गो ते! काय घातलंस?" मी लगेच फोन केला. तो नुसता कडू चवीचा फेस असतो, थोड्या वेळात जातो, आणि तसाच गेला. डॉक्टरीणबाईंनी हेही सांगितलं की जितकी गोळी दुधात राहिली तितकी पोटात गेलीच नाही, तेव्हा आता अंदाजाने अजून थोडी देत बसू नका, उद्या इकडे घेऊन या, मी दाखवते.

त्यांनी दाखवलेली पद्धत लिहून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. मांजराला जाड टॉवेलात दुपट्यातल्या बाळासारखं गुंडाळायचं, पंजे आत, डोकं बाहेर. मागून धरायचं, तोंड आपल्याकडे नको. डाव्या हाताने वरून गालांच्या हाडांशी डोकं धरून नाक छताकडे करायचं, खालचा जबडा आपोआप सैल पडतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटाने जबडा खाली दाबायचा आणि गोळी जिभेच्या अगदी मागे टाकायची. पुढे टाकली तर थुंकते. तोंड मिटायचं, नाक खाली आणायचं, गळा चोळायचा. तिने नाक चाटलं की गिळली समजायचं. आणि मग बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या कडेने थोडं पाणी, सावकाश. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून बसते आणि तिथे जखम करू शकते. हे पाणी द्यायचं मात्र कुणी सांगत नाही. गोळीला जरा तूप लावलं तर ती घसरते आणि कडूही लागत नाही, ही माझी भर. एवढं सगळं दहा सेकंदांत. मुळीच जमलं नाही तर मानेवर टाकायचं जंताचं औषधही मिळतं, महाग असतं, पण ज्यांच्या घरी वाघ आहे त्यांनी तेच घ्यावं.

त्याच दिवशी गोधड्या, चादरी उकळत्या पाण्यातून काढल्या आणि तीन कडक उन्हं दिली. माजघराच्या फटी झाडल्या. पिसवा मांजरावर असतात त्यापेक्षा कितीतरी जास्त, अंडी नि अळ्यांच्या रूपात, घरात असतात. हे काम गोळीपेक्षा मोठं होतं, पण ह्याच्याशिवाय गोळी फुकट.

लेक आली. भुरी माजघरातून पडवीत राहायला गेली, तिची वाळू रोज सकाळी हे काढायचे. नात झाली. तीन महिने बाळंतिणीच्या खोलीचं दार बंद, आणि दाराबाहेर भुरी पायपुसण्यावर, आत कोण रडतंय ते ऐकत. एकदा आत्याबाईंनी तिला तिथे बसलेलं पाहिलं आणि "राखण करत्ये" म्हणाल्या. मिरकरवाड्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

मधे एक प्रकरण झालं ते सांगायला हवं. लेक परत गेल्यावर शेजारच्यांची तिरंगी मांजर आमच्या लाकडांच्या खोपीत व्याली. चार पिल्लं. पोटं अशी टम्म की सगळे म्हणायचे, काय गुटगुटीत आहेत! पण पाठीवरून हात फिरवला तर मणका लागायचा. पोट टम्म आणि पाठ हडकुळी म्हणजे बाळसं नव्हे, जंत. मांजराच्या पिल्लांना गोल जंत आईच्या दुधातून येतात, म्हणून त्यांचं औषध तिसऱ्या आठवड्यापासूनच सुरू करतात. दर पंधरा दिवसांनी, दूध सुटल्यावर पंधरा दिवसांपर्यंत, मग सहा महिन्यांची होईपर्यंत महिन्याला एकदा. आईलाही पिल्लांबरोबर द्यायचं. इतक्या लहान जिवाला गोळी नाही, त्यांच्या वयाला चालणारं पातळ औषध, तेही डॉक्टरांनी वजन बघून सांगितलेलं. पातेल्यात एकेक पिल्लू घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं. सगळ्यात लहान दोनशे ऐंशी ग्रॅम, म्हणजे पाव किलोला थोडी जास्त, भाजीसारखी! औषधानंतर दुसऱ्या दिवशी खोपीत जे पडलं त्याचं वर्णन करत नाही, तुमच्यातले काही जण जेवताना वाचतात. पण एवढ्याशा पोटात एवढं होतं, आणि आपण त्याला गुटगुटीत म्हणत होतो, हे बराच वेळ डोक्यातून जाईना. तीन पिल्लं जगली. सगळ्यात लहान होतं ते गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार जंत असले आणि पिल्लू अशक्त असलं तर कधीकधी असं होतं.

आता नात आठ महिन्यांची आहे आणि रांगते. मे महिन्यात येणार आहे, तीन आठवडे. ह्या वेळी हिशोब आधीच मांडलाय. गोल जंत मांजराच्या पोटात गेल्यापासून अंडी घालायला लागेपर्यंत महिन्याहून थोडा जास्त वेळ घेतो. म्हणून महिन्याच्या महिन्याला औषध दिलं तर तो अंडी घालायच्या आतच मरतो. ज्या घरात रांगतं मूल आहे आणि मांजर उंदीर खाते तिथे महिन्याला एकदा, हा डॉक्टरांचा नियम असा आला आहे. एरवी आमच्या भुरीला तीन महिन्यांनी पुरतं. म्हणजे मार्चमध्ये एक, एप्रिलमध्ये एक, मेमध्ये नात असताना एक, आणि ती गेली की परत तीन महिन्यांवर.

आगरातल्या मातीत आधीच पडलेल्या अंड्यांना मात्र कुठलंच औषध नाही. ती तिथे आहेत असंच धरून चालायचं. मागच्या दाराला गुडघाभर उंच फळी लावून घेतली, नात आत, आगर बाहेर. आगरातल्या चपला आगरातच. हात धुणं माणसांचंही, फक्त पोरीचं नाही. पुढच्या अंगणात तिच्यासाठी वाळूचा ढीग टाकायचा ह्यांचा बेत होता, तो मी आधी रद्द केला, मग ताडपत्री झाकणार असाल तर टाका म्हटलं. उघडी वाळू म्हणजे आळीतल्या सगळ्या मांजरांना आमंत्रण.

काल मार्चची गोळी झाली. ह्यांनी धरलं, मी टाकली, नऊ सेकंद. भुरी रागावून माडाखाली जाऊन बसली आणि संध्याकाळी बांगड्याच्या वेळेला परत आली.